दहा तिकिटांच्या वीस अर्ध्या

लाँड्रीत येणाऱ्याला पावतीबाई आधी दिसायची नाही, ऐकू यायची. काउंटरवर कपड्यांचे गठ्ठे एवढे उंच, की त्यांच्यामागून पहिल्यांदा कागद फाटल्याचा टर्रकन आवाज यायचा, मग "चला, पुढचे!" अशी हाक, आणि मग ती. ठेंगणी, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा, आणि छातीवर टाचण्यांची रांग. निवृत्त सेनापतीच्या पदकांसारखी. तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण तिथेही मालकाला बोट फिरवून शोधावं लागायचं.

नवऱ्याने नोकरी सोडली आणि पुन्हा धरलीच नाही, तेव्हा बाविसाव्या वर्षी ती या लाँड्रीत आली. आधी हौदावर, मग पिळणीवर. कुठली कॉलर कुणाची हे तिला न विचारता आठवतं, असं मालकाच्या लक्षात आलं आणि त्याने तिला काउंटरवर बसवलं. नवरा गेला, मुलगा शिकला, नोकरीला लागला, सून आली. काउंटर तेच. एकतीस वर्षं.

या एकतीस वर्षांत तिने एक नियम स्वतः घालून दिला होता. पावतीवर दोन्ही टोकांना एकच नंबर छापलेला असे. ती मधोमध फाडायची. एक अर्धी कपड्याला टाचायची, दुसरी गिऱ्हाइकाच्या हातात. पण फाडायची हातानेच, कात्री लावायची नाही. सुरुवातीला एकदा छापखान्याने एकाच नंबराची दोन पावतीपुस्तकं पाठवली होती आणि एका लोकरी कोटावर दोन गिऱ्हाइकं हक्क सांगायला उभी राहिली होती. नंबर दोघांचा तोच. पावतीबाईने दोघांच्या अर्ध्या कोटावरच्या अर्धीला लावून बघितल्या. एकीचे दाते दात्यांत बसले, दुसरीचे नाही. भांडण मिटलं. "कात्री सगळ्यांना सारखंच कापते," ती नव्या बायकांना सांगायची. "हाताने फाडलेला कागद मात्र एकदाच तसा फाटतो." कपडा परत दिला, की दोन्ही अर्ध्या गिऱ्हाइकासमोर एकमेकींना टाचायच्या आणि काउंटरवरच्या लोखंडी सळईत खोचायच्या. सुटी अर्धी म्हणजे देणं बाकी, जोडलेली अर्धी म्हणजे व्यवहार संपला. इतकं सोपं, की मालकालासुद्धा समजलं होतं.

मागच्या खोलीत इस्त्रीवाल्या आठ जणी आणि डाग काढणारी एक, अशा नऊ बायका होत्या. इस्त्रीवाल्यांत तिची सख्खी नणंदही होती. हात जितका चालायचा त्याच्या दुप्पट तोंड. खोलीत एक रेडिओ होता आणि दुपारी त्यावर एका गायिकेची गाणी लागायची. ती लागली की नणंदसुद्धा गप्प बसायची, यावरून त्या गाण्याची ताकद समजावी. त्या गायिकेने जाहीर केलं, की आपण आता थकलो, मोठ्या नाट्यगृहात एक शेवटचा कार्यक्रम करणार आणि मग गाणं बंद.

"आपण जायचं," पावतीबाई म्हणाली.

"तिकीट ऐकलंस का? चार दिवसांची मजुरी आहे," डागवाली म्हणाली.

"मग चार दिवसांची मजुरी द्यायची. तीस वर्षं फुकट ऐकलंत."

"आणि नाही झाला कार्यक्रम तर?" नणंदेने विचारलं. ही बाई वरातीतही पावसाचा अंदाज सांगायची.

"तर पैसे माझ्याकडून घ्यायचे. मी आहे ना?"

दर आठवड्याला थोडे थोडे करून पैसे जमले. पुरेसे होईपर्यंत ते डब्यात राहिले. पावतीबाई स्वतः खिडकीवर उभी राहून दहा तिकिटं घेऊन आली, एकाच रांगेतली, सलग. जाड गुळगुळीत कागद, दोन्ही टोकांना नंबर. आणि दुसऱ्या दिवशी वाटप करायला तिकिटं काउंटरवर काढली, तेव्हा तिच्या हातांनी जे एकतीस वर्षं केलं तेच केलं. टर्रकन पहिलं. टर्रकन दुसरं. टर्रकन तिसरं.

"अगं वहिनी!" नणंद ओरडली. "दारावर फाडतात ना ते?"

पावतीबाई क्षणभर थांबली. हातातल्या तुकड्यांकडे बघितलं. चूक झाली असं वाटायला तेवढा क्षण पुरेसा होता. पण मग तिने चौथं उचललं.

"दारावर ते त्यांच्यासाठी फाडतील. हे आपल्यासाठी. तुम्ही नऊजणी. एखादीने हरवलं तर? एक अर्धी तुमच्याकडे, एक माझ्या खणात. त्या दिवशी दारात दोन्ही दाखवू." आणि उरलेली सातही तिने पूर्ण शुद्धीत, सावकाश, मधोमध फाडली.

कार्यक्रमाला अकरा दिवस राहिले होते, तेव्हा सगळं बंद झालं.

ती महामारी सगळ्यांनीच बघितली, तिचं वर्णन करत बसण्यात अर्थ नाही. दुकानं बंद, रस्ते ओस. लाँड्री मात्र चालू राहिली, कारण रुग्णालयाच्या चादरी कुणीतरी धुवायच्याच होत्या. घरगुती कपड्यांची कमाई थांबली आणि चादरींचे ढीग वाढले, तेव्हा काम दुप्पट आणि पगार अर्धा, असा चमत्कार मालकाने करून दाखवला. मास्कच्या आत वाफ आणि मास्कच्या बाहेरही वाफ. रेडिओ चालू असायचा, पण बातम्याच जास्त. नाट्यगृहाने आधी कळवलं, कार्यक्रम पुढे ढकलला आहे. मग कळवलं, रद्द. त्या गायिका पुन्हा गाणार नाहीत. त्या दुपारी डागवालीने एक चादर तीनदा घासली.

मग नणंदेनेच तोंड उघडलं. "गाणं गेलं. आता चार दिवसांच्या मजुरीचं बोल, वहिनी. माझं भाडं थकलंय."

"आणते," पावतीबाई म्हणाली. "शब्द दिलाय."

नाट्यगृहाची तिकीट खिडकी सकाळी दोन तास उघडी असायची. काचेवर कागद चिकटवला होता: तिकिटाच्या बदल्यात कुपन मिळेल, वर्षभरात कुठल्याही कार्यक्रमाला चालेल. खाली बारीक अक्षरात, ज्यांना पैसेच हवेत त्यांनी अखंड तिकीट आणून द्यावं. ते अक्षर इतकं बारीक होतं, की पावतीबाईने दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वर काचेला नाक लावलं. बारीक अक्षर लिहिणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं, हे तिला पावत्यांच्या पाठीमागच्या मजकुरावरून पक्कं माहीत होतं.

आतल्या माणसाने तिकिटं बघितली आणि मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर चाळिशीतला, घडीचा शर्ट घातलेला. पावतीबाईच्या नजरेने आधी शर्ट पाहिला. बाहीची घडी दुहेरी होती. इस्त्री घरची, आणि घाईची.

"मावशी, ही तर वापरलेली तिकिटं आहेत."

"वापरलेली? कशाला वापरली?"

"फाटलेलं तिकीट म्हणजे वापरलेलं. दारावर फाडतात, माणूस आत जातो. नियम आहे."

"माणूस आत गेला? कधी? कार्यक्रम कुठे झाला?"

"झाला नाही, ते मलाही माहीत आहे हो..."

"मग आम्ही दहाजणी आत जाऊन काय ऐकलं? तुमचा पंखा?"

खिडकीतला माणूस खाली वाकून काहीतरी शोधू लागला. मॅनेजर हसला नाही. "हिशेब तपासणारे फाटलेलं तिकीट मान्य करत नाहीत. पण तुम्ही वयस्कर आहात, म्हणून माझ्या अधिकारात मी कुपनं देतो. पुढच्या वर्षी जादूचे प्रयोग आहेत, विनोदी कार्यक्रम आहेत."

"मी तुमची मावशी नाही, गिऱ्हाईक आहे. आणि आमच्याकडे फाटलेली पावती म्हणजे माल अजून द्यायचा आहे."

"ते तुमच्याकडे. इथे नाट्यगृह आहे, लाँड्री नाही."

"दिसतंय," पावतीबाई त्याच्या बाहीकडे बघत म्हणाली आणि वीस अर्ध्या गोळा करून निघाली.

लाँड्रीत तिने जसंच्या तसं सांगितलं. काही लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. नणंदेने इस्त्री आदळली. "फाड आणखी! आणि विनोदी कार्यक्रमाचं कुपन? मला हसवायला कुपन कशाला, इथे तू आहेस की!"

दुसऱ्या फेरीला खिडकी बंद होती. तिसऱ्या फेरीला मॅनेजर "मीटिंगमध्ये" होता. मीटिंग काचेतून दिसत होती, एकटीच बसून चहा पीत होती.

घरी मुलाने रात्रीच्या जेवणाला विषय काढला. "आई, किती होतात सगळे? मी देतो. वाटून टाक आणि मोकळी हो."

"का? कार्यक्रम तू रद्द केलास?"

"तसं नाही गं. तुझा जीव कशाला खालीवर करतेस? त्यांना काय, कुणीही दिले तरी पैसेच."

"तू दिलेस तर त्यांना पैसे मिळतील. आणि तो घडीवाला आमचे पैसे खिशात घालून बसेल. त्याला बक्षीस कशाबद्दल द्यायचं?"

सुनेने मधला मार्ग सुचवला. ती मुलगी हुशार, आणि सासूला भिणारी अजिबात नव्हती. "अहो आई, चांगल्या गोंदाने मागून चिकटवू. मी अशी जोडते की रेघसुद्धा दिसणार नाही. अखंड तिकीट म्हणून खपून जातील."

खरं सांगायचं तर पावतीबाईला मोह झाला. तिने दोन अर्ध्या ताटाशेजारी जुळवून बघितल्या. दात्यांत दाते बरोब्बर बसले. नणंदेचा घरमालक भाड्यासाठी तिच्या दारात दोनदा येऊन गेला होता, हेही तिला माहीत होतं. मग तिने अर्ध्या वेगळ्या केल्या.

"नाही. चिकटवलं म्हणजे मान्य केलं, की फाडलं ती चूक, आणि वर खोटेपणा केला. जोडायची वेळ आली की जोडीन. गोंदाने नाही."

पाचव्या महिन्यात नाट्यगृहाला अर्ध्या खुर्च्यांवर कार्यक्रम करायची परवानगी मिळाली, आणि त्याच आठवड्यात मॅनेजर स्वतः लाँड्रीत आला. त्याला यावंच लागलं. बंद व्हायच्या आदल्या दिवशी त्याच्या दारवानांचे अठरा गडद लाल कोट इथे धुवायला टाकले होते, आणि दुसऱ्याच दिवशी पहिला खेळ होता. काउंटरमागून टर्रकन आवाज आला आणि मागोमाग पावतीबाई वर आली, तेव्हा त्याने मास्क उगाचच नाकावर सारखा केला.

"कोट न्यायचेत. अठरा."

"पावती?"

"ती... ऑफिसमध्ये औषध फवारलं ना, तेव्हा जुने कागद सगळे टाकून दिले."

मागच्या खोलीच्या दाराशी नऊ डोकी जमली होती. नणंदेला तर सण आल्यासारखं झालं होतं. "वहिनी," ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "पावती नाही तर कोट नाही. नियम म्हणजे नियम! दे त्यांना एक कुपन. पुढच्या वर्षी चादर धुवून देऊ म्हणावं."

बायका हसल्या. मॅनेजरचे कान कोटांच्या रंगाचे झाले. तो पावतीबाईकडे बघत उभा राहिला. आता ही काय मागणार हे त्याला दिसत होतं, आणि बहुधा देण्याची तयारीही त्याने मनात चालवली होती.

पावतीबाईने खणातून एक जाडजूड वही काढली. "ह्यात हरवलेल्या पावत्या लिहितो. कोटांची खूण सांगा."

"म्हणजे?"

"तुमचे आहेत ना? मग तुम्हाला माहीत असेल. रंग, बटणं, कुठे काय."

"गडद लाल. पितळी बटणं. खिशावर सोनेरी दोरा. एका कोटाचं... एकाचं तिसरं बटण नव्हतं."

ती आत गेली आणि कोट घेऊन आली. अठराही, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळलेले, प्रत्येकाच्या कॉलरला तिची अर्धी टाचलेली. पाच महिने वाफेच्या खोलीपासून लांब, कोरड्या कपाटात ठेवलेले. तिसऱ्या बटणाच्या जागी बटण होतं.

"तसंच सापडलं नाही. जवळपासचं लावलंय. सही करा इथे. साक्षीला दोन सह्या आमच्या." तिने नणंदेला बोलावलं. "ये, कर सही. आणि तोंड बंद ठेव."

"अडवून ठेवायचे सोडून..." नणंद पुटपुटली.

"अडवायचे? दुसऱ्याचं कापड आहे ते," पावतीबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दुसऱ्याचं आपल्याकडे पडून असलं, की त्याच्याकडे कागद आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी, ते आपलं नाही. धुलाईचे पैसे तेवढे द्या. ठेवल्याचे घेत नाही."

मॅनेजरने पैसे दिले. कोट हातावर घेतले आणि तरी तो हलेना.

"उद्या सकाळी येते," पावतीबाई म्हणाली. "दहाजणी येतो. आम्ही तुमचं कसं परत दिलं ते तुम्ही बघितलंत. उद्या आम्हाला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी मालकाने सुट्टी द्यायला कुरकुर केली, तर पावतीबाईने सांगितलं, "एकतीस वर्षांत मागितली नाही, ती सगळी आज घेतेय." दहाजणी नाट्यगृहात शिरल्या. दारात दोन दारवान, अंगात चकाकते लाल कोट. डागवालीने जाता जाता एकाची कॉलर सरळ केली. दालनात खुर्च्या होत्या, एक सोडून एक फुलीची पट्टी चिकटवलेली.

पावतीबाईने मॅनेजरसमोर, रोखपालाच्या टेबलावर दोन ढीग मांडले. "हा आमच्या हातातला, हा माझ्या खणातला. तुम्हीच मिसळा. पालथे करा, नंबर दिसू देऊ नका."

मॅनेजरला नको होतं, पण रोखपाल कुतूहलाने पुढे झाला. त्याने वीसही तुकडे पालथे घालून पिसले. पावतीबाईने चष्मासुद्धा लावला नाही. बोटाने कडा चाचपत एकेक जोडी लावत गेली. उलटून बघितलं तर दहाच्या दहा नंबर बरोबर.

"आता सांगा. दारावर फाडलेलं असतं तर एक अर्धी तुमच्या पेटीत असती. दोन्ही माझ्याकडे कशा?"

रोखपाल मॅनेजरकडे बघायला लागला. मॅनेजरने खुर्ची ओढली, एक छापील फॉर्म घेतला, त्यावर थोडं लिहिलं आणि शिक्का मारून पुढे सरकवला. "घ्या. करून टाकतो. सही करा आणि पैसे घ्या."

रोखपालाने खण उघडलासुद्धा. नोटा दिसत होत्या. नणंदेची नजर तिथून हलत नव्हती. पावतीबाईने चष्मा लावला आणि वाचलं: *सदर तिकिटे वापरलेली असूनही, अर्जदारांची परिस्थिती लक्षात घेऊन, विशेष बाब म्हणून सहानुभूतीपूर्वक रक्कम देण्यात येत आहे.*

"हे खोडा," ती म्हणाली.

"काय?"

"वापरलेली असूनही. परिस्थिती. सहानुभूती. हे सगळं. कार्यक्रम झाला नाही म्हणून पैसे परत, एवढंच लिहा."

"अहो बाई, पैसे मिळतायत ना? शब्दांना काय करायचंय?" तो पहिल्यांदाच खरा वैतागला. "तसं लिहिलं तर वरून मंजुरी आणावी लागेल. महिना जाईल. दोन जातील. मग प्रत्येकजण फाटकं तिकीट घेऊन येईल."

"येऊ दे की. त्यांचाही कार्यक्रम झाला नाही."

"ही रक्कम आज आहे. उद्याचं मी सांगू शकत नाही."

पावतीबाईने पेन उचललं. पण टेकवलं नाही. पैसे दहाजणींचे होते. तिच्या शब्दासाठी दुसरीचं भाडं पणाला लावायचा अधिकार तिला नव्हता, आणि अधिकार नसलेलं काम ती करत नसे. ती वळली आणि तो मजकूर मोठ्याने, सावकाश वाचून दाखवला. परिस्थिती या शब्दाशी थांबली. "सही केली तर आत्ता पैसे. खोडलं तर कदाचित नाहीत. काय करू?"

बाकीच्यांनी नणंदेकडे बघितलं. शेवटी नणंदच पुढे आली. पाच महिने तिने वहिनीला उभं-आडवं घेतलं होतं. तिने फॉर्मकडे बघितलं, मग मॅनेजरकडे.

"आम्ही या महामारीत रोज चारशे चादरी इस्त्री केल्या," ती म्हणाली. "आमची परिस्थिती हा लक्षात घेणार? खोड गं, वहिनी."

पावतीबाईने खोडलं. एक रेघ, आडवी, जाड. वर लिहिलं: *कार्यक्रम झाला नाही म्हणून.* आणि फॉर्म परत सरकवला.

"आम्ही बसतो," ती म्हणाली. "तिकिटं आहेतच."

दहाजणी दालनात बसल्या, फुलीच्या खुर्च्या सोडून, शिस्तीत. डबे आणले होते. अकरा वाजले, बारा वाजले. सायंकाळच्या खेळाची तिकिटं घ्यायला लोक येऊ लागले. आलेला प्रत्येकजण विचारायचा, तुम्ही कशासाठी बसलात? आणि दहापैकी कुणीतरी सांगायचंच. एका गृहस्थाने पाकिटातून कुपन काढून उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "अरेच्चा, म्हणजे पैसे मागता येतात?" नणंदेने त्याला खिडकीच्या काचेवरच्या बारीक अक्षराकडे बोट करून दाखवलं. तो सरळ खिडकीशी गेला. त्याच्यामागे आणखी एक बाई गेली. एक दारवान स्वतःचा लाल कोट सावरत पाण्याचे पेले घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "बटण तुम्हीच लावलंत का? छान बसलंय."

दीड वाजता मॅनेजर बाहेर आला. फॉर्म त्याच्या हातात होता. खोडलेल्या रेघेशेजारी त्याने सही केली होती. मंजुरी कुठून आली, वरून की खिडकीपुढच्या रांगेकडे बघून, हे त्याने सांगितलं नाही आणि पावतीबाईने विचारलं नाही. रोखपालाने नोटा मोजल्या. नणंदेने आपला वाटा दोनदा मोजला, आणि मग रोखपालाच्या तोंडाकडे बघत तिसऱ्यांदा.

"तिकिटं इथे ठेवून जा," मॅनेजर म्हणाला.

"ठेवतेच."

पावतीबाईने छातीवरच्या टाचण्या एकेक करून काढल्या. दहा जोड्या, दहा टाचण्या. दात्यांत दाते बसवून टाचत गेली. मग रोखपालाच्या टेबलावरची लोखंडी सळई जवळ ओढली आणि दहाही तिकिटं तिच्यात खचकन खोचली.

"हं," ती म्हणाली. "आता वापरली."

"चल वहिनी," नणंद दारातून ओरडली, "अर्ध्या दिवसाच्या चादरी पडल्यात. आणि ती घडीवाल्याची बाही मला बघवत नाही. सांग त्याला, शर्ट टाक म्हणावं. पावती मी फाडते!"